पालवांचा क्लोज-अप

ऑक्टोबरचं ऊन बोरिवलीत उतरलं की आधी भिंतींना कळतं. चार महिने ओल पिऊन फुगलेल्या भिंती आठवड्याभरात कोरड्या होतात, पोपडे सुटतात, कठड्यावरचं शेवाळ काळं पडून हाताला भुकटीसारखं लागतं. सकाळी अकरालाच डोळे चुरचुरायला लागतात. आकाश इतकं स्वच्छ की कुणाला लपायला जागा नाही. लोक ह्या दिवसांना शिव्या घालतात. मला मात्र ह्या दिवसांत एक जुनी अस्वस्थता परत येऊन चिकटते.

परवा सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला, गेटवरच्या कॅमेऱ्यातला. टोपी घातलेला, पाठीला बॅग लावलेला एक माणूस जिन्याकडे बघतोय. खाली लिहिलेलं, ‘हा कोण? लेडीजनी दारं बंद ठेवावीत.’ तासाभरात उत्तरांची रांग लागली. एकीने लिहिलं, ‘नजर बरी नाही वाटत.’ फोटोत नजर दिसतच नव्हती. टोपीची सावली होती नुसती. मी फोन उपडा ठेवला आणि खिडकीत जाऊन उभी राहिले. समोरच्या बिल्डिंगला रंग लागत होता. डिस्टेंपरचा तो ओला, खडूसारखा वास आला, आणि चाळीतला आठवीतला ऑक्टोबर समोर येऊन उभा राहिला.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. बोरिवली पूर्वेला आमची बैठी चाळ होती. समोरासमोर खोल्या, मध्ये अंगण, अंगणात नळ. दिवाळीआधी सगळी चाळ चुना काढायची. पिंजारी यायचा, त्याच्या धनुकलीचा टणत्कार दुपारभर चालायचा आणि कापसाचे तंतू उन्हात तरंगत राहायचे. त्या तंतूंत बसून आम्ही सहामाहीचा अभ्यास करायचो. शाळेच्या वाटेवर एका लांब भिंतीवर सिनेमाची पोस्टरं लागायची. खळीचा आंबूस वास सुटला की नवा सिनेमा लागला हे मला न बघता कळायचं.

सिनेमातलं मला सगळं कळतं अशी तेव्हा माझी पक्की समजूत होती. माझ्याकडे एक वही होती. पडद्यावर नावं धावतात ती मी अंधारात भराभरा उतरवून घ्यायची. मारामारी कुणाची, कॅमेरा कुणाचा, कपडे कुणाचे. वर्गातल्या मुलींना नट्यांची नावं पाठ, मला संकलकांची. ह्या वेडाला खतपाणी घालणारी होती शालनआत्या, आप्पांची, म्हणजे माझ्या वडलांची धाकटी बहीण. ती आमच्याकडेच राहायची. वय तेहेतीस, अंधेरीला एका कंपनीत टायपिस्ट, लग्न राहून गेलेलं. शनिवारी तिला हाफ डे. ती परस्पर थिएटरवर यायची, मी घरून जायची आणि लेडीज लाइनीत उभं राहून आम्ही तीनच्या शोची तिकिटं काढायचो.

पण त्या वर्षी मला आत्याचा संशय यायला लागला. ती सिनेमे फार विचित्र निवडायला लागली होती. स्टेशनजवळ चांगला कौटुंबिक सिनेमा हाऊसफुल्ल चाललेला असताना ही मला कुठल्या तरी पडेल मारधाडपटाला नेणार. निम्मं थिएटर रिकामं. एकदा तर एकच रद्दड सिनेमा आम्ही सलग दोन शनिवार पाहिला. गाणी लागली की आत्या पर्समध्ये काहीतरी शोधत बसायची. मारामारी सुरू झाली की पुढे सरकायची. आणि बघायची कुठे, तर हीरोकडे नाहीच. हीरोच्या मागे, जिथे खोकी आणि पिंपं रचलेली असतात, तिकडे.

“आत्या, तुला मारामारी कधीपासून आवडायला लागली गं?”

“गप्प बघ ना यार.”

तिसऱ्या शनिवारी पडद्यावर गोदामातली फाइट सुरू झाली आणि आत्याने माझं मनगट घट्ट धरलं. “तो बघ. निळा शर्ट. डावीकडून तिसरा. बघ, बघ, पडला!”

एक रुंद जबड्याचा माणूस हीरोची लाथ खाऊन पिंपांवर कोसळला. एवढंच. पण मी त्याला ओळखलं. आमच्याच चाळीत टोकाच्या खोलीत भाड्याने राहणारे पालव! विश्राम पालव. मूळचे मालवणकडचे, आमच्यासारखेच. एकटे राहायचे, सकाळी डबा घेऊन निघायचे. चाळीत कुणी विचारलं तर ‘गोरेगावला कामाला आहे’ म्हणून सांगायचे. ते काम सिनेमाचं होतं. ज्युनियर आर्टिस्ट. लग्नातला पाहुणा, कोर्टातला प्रेक्षक, मोर्च्यातला मजूर, आणि अंग दणकट म्हणून बहुतेक वेळा खलनायकाचा गुंड.

शो सुटल्यावर बघते तर शूटिंगवरून परस्पर येऊन ते थिएटरमागच्या रसवंतीत आत्याची वाट बघत बसले होते. मला बघून चपापले. आत्या म्हणाली, “राहू दे, मंजूला कळलंय.” मग त्यांनी अगदी शाळकरी मुलासारखं विचारलं, “दिसलो काय?”

“दिसलास. पडताना. पूर्ण.”

“चेहरा?”

“अर्धा.”

ते खूश झाले. कुठल्या सिनेमात आपण शिल्लक राहिलो आणि कुठल्यातून कापले गेलो, हे त्यांना कधीच कळत नसे. शूटिंगला दिवसदिवस जायचे, सिनेमे बघायला सवड मिळायची नाही. म्हणून आत्या त्यांचे सिनेमे त्यांच्यासाठी बघून यायची. मी रसाचा पेला हातात धरून दोघांकडे बघत राहिले. मला मोठं गुपित मिळालं होतं. दिवाळीनंतर पालवकाका आप्पांकडे रीतसर लग्नाचं बोलायला येणार होते.

आप्पा काय म्हणतील ह्याची आत्याला धास्ती होती. परळची मिल बंद पडल्यापासून आप्पा बदलले होते. नंतर त्यांना औषधांच्या एका गोदामात नोकरी मिळाली, पण मिलबरोबर त्यांचा माणसांवरचा भरवसाही बंद पडला तो पडलाच. पुढाऱ्यांनी फसवलं, मालकाने फसवलं, बरोबर काम केलेल्यांनी पाठ फिरवली. दूधवाल्याच्या दुधात ते बोट बुडवून बघायचे. पण पालवांशी त्यांचं बरं होतं. एका मुलखातले. रविवारी दोघं अंगणात बसून मालवणीत बोलायचे, तेव्हा आप्पा हसायचेसुद्धा.

मग तो रविवार आला. चाळीतल्या सुर्व्यांच्या मुलाला बोनस मिळाला म्हणून त्यांनी टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला. सकाळपासून सुर्व्यांच्या खोलीत सगळी चाळ. बायका पुढे सतरंजीवर, पुरुष भिंतीला टेकून, मुलं कॉटवर. दुसरी कॅसेट पालवांनी सुचवलेली होती. ते पेढे घेऊन आले होते. गोरेगावचं आपलं काम सिनेमाचं, हे त्यांनी चाळीला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. दारात उभं राहून म्हणाले, “ह्यात आपला क्लोज-अप राहिलाय म्हणतात. पहिलाच.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी सरकून त्यांना जागा दिली. आत्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

सिनेमा मध्यावर आला. बसस्टॉपवर एक शाळेतली मुलगी उभी. निळा स्कर्ट, दोन वेण्या. जीप थांबते. चार गुंड उतरतात. त्यांतला एक तिची वेणी धरतो, मनगटाला गुंडाळतो आणि तिला ओढत नेतो. मग कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर जातो. सगळा पडदा भरून पालवांचा चेहरा. आणि ते हसतात.

ते हसू मी आजही विसरलेले नाही. सुरुवातीला घशातल्या घशात, मग वाढत जाणारं, फाटत जाणारं. खोलीत एक भांडं पडलं असतं तरी बरं झालं असतं. माझ्या पुढे बसलेल्या नाडकर्णीबाईंनी आपल्या रेखाला हाताने जवळ ओढलं. रेखा दहावीत होती, तिलाही दोन वेण्या होत्या. मी वळून पालवांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. तेव्हा मला वाटलं, पकडलेल्या माणसाचा चेहरा असाच होत असणार.

आप्पा उठले. पेढा तिथेच वाटीत ठेवला आणि बाहेर गेले.

“आप्पा, तो सिनेमा आहे,” मी घरी म्हणाले.

“मार खोटो, रगत खोटां, समजलां,” आप्पा म्हणाले. “पण हसू खोटां करूक येत नाय, मंजू. तां आत असूचा लागता.”

त्यानंतर चाळीत कुणी काही बोललं नाही. नुसती दारं बदलली. पालव येताना दिसले की उघडी दारं लोटली जायची. नळावरच्या बायका पोरींना हाक मारून आत बोलवायच्या. कुणाला आठवलं, ते मुलांना गोळ्या वाटायचे. कुणाला आठवलं, चाळिशी जवळ आली तरी लग्न केलेलं नाही. काल जे गुण होते तेच आज पुरावे झाले. मी, वही भरभरून नावं लिहिणारी, मी तरी काय वेगळं केलं? ते अंगणातून गेले की मीही पुस्तकाआडून त्यांच्या हातांकडे बघायची. ती वेणी मनगटाला गुंडाळायची रीत त्यांना कुणी शिकवली असेल, असं मला सारखं वाटायचं.

आत्याला मात्र मी हे सांगितलं नाही. तिनेही मला काही विचारलं नाही. त्या शनिवारी आम्ही सिनेमाला गेलो नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

रेखाचा शेवटचा पेपर बुधवारी होता. एक वाजता सुटायचा. आदल्या दिवशी ती मला नळाशी गाठून म्हणाली, “मंजू, तीनच्या शोला लेडीज लाइन किती वाजता उघडते गं?” मी सांगितलं. कुठे उभं राहायचं तेही सांगितलं. “आईला बोललीस तर बघ हां. गळ्याशपथ?” मी गळ्याला हात लावला.

बुधवारी चार वाजले तरी रेखा आली नाही. नाडकर्णीबाई शाळेत जाऊन आल्या. शाळा बंद. मैत्रिणीकडे कुलूप. साडेचारला त्या अंगणात बसून रडायला लागल्या. त्यांच्याभोवती बायका जमल्या, पाळीवरून परतलेले पुरुष जमले. कुणीतरी म्हणालं, “टोकाच्या खोलीला कुलूप आहे. आज कामाला गेला होता का तो?”

मी आमच्या दारात उभी होते. मला माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोलले असते तर रेखाचा मार, माझा मार, शनिवारचे सगळे सिनेमे बंद, आणि आत्याचं गुपितही बाहेर आलं असतं. आणखी एक गोष्ट होती, ती लिहायला मला आजही जड जातं. मला वाटलं, रेखा थिएटरपर्यंत पोचलीच नसली तर? वाटेत जीप थांबली असली तर?

पाचला पालव आले. शूटिंग लवकर आटपलं होतं. शर्टाच्या कॉलरवर आणि बाहीवर लाल डाग होते. फाइटचा दिवस असला की असे डाग असायचेच, रंगाचे. पण त्या दिवशी ते अंगणात पाऊल ठेवतात न ठेवतात तोच सुर्व्यांच्या मुलाने त्यांची गळपट्टी धरली.

“रेखा कुठंय?”

“कोण? काय झालं?”

“नाटक नको करूस. रेखा कुठंय बोल!”

‘अहो पालव’ म्हणणारे लोक एका मिनिटात ‘तू’वर आले. कुणीतरी थोबाडीत दिली. खिसा फाटला, त्यातलं त्यांचं ज्युनियर आर्टिस्टचं कार्ड मातीत पडलं. इतक्या सिनेमांत मार खाल्लेला माणूस, पण त्यांना हात कुठे धरावा तेही कळेना. त्यांनी हात वरही केला नाही. मग ठरलं, सातपर्यंत मुलगी आली नाही तर चौकीवर न्यायचं. तोवर ह्याला खोलीत घालायचं. त्यांना त्यांच्याच खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. दारासमोर स्टूल टाकून आप्पा बसले.

थोड्या वेळाने आतून आवाज आला, “पाणी मिळात काय?” आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी तांब्या घेऊन मागच्या खिडकीशी गेले. गजांतून त्यांनी हात बाहेर काढला. पाणी मनगटावर सांडलं. ते हळूच म्हणाले, “मंजू, तुका काय ठावक आसा गो? रेखा खंय गेली?”

मी म्हणाले, “नाही.”

पाणी पिऊन तांब्या परत देत ते म्हणाले, “बरां.”

साडेसहाला रेखा आली. मैत्रिणीच्या मावशीकडे अभ्यासाला गेले होते म्हणाली. पेपर संपल्यावर कसला अभ्यास, हे कुणी विचारलं नाही. आईने तिला एक धपाटा घातला, मग मिठी मारली, मग सगळे आपापल्या खोल्यांकडे वळले. दिवेलागण झाली होती. कडी काढायचं काम आप्पांवर आलं. पालव बाहेर आले. आप्पा त्यांच्याकडे न बघता म्हणाले, “कापडार तांबडां कसलां तां, आमका काय ठावक?”

“इचारलास खंय?” पालव म्हणाले. खाली वाकून त्यांनी मातीतलं कार्ड उचललं, पुसलं आणि आत गेले.

आत्या सातला आली. नळावरच तिला सगळं कळलं. ती आमच्या खोलीत शिरलीच नाही. पर्स खांद्याला तशीच, ती सरळ अंगण ओलांडून टोकाच्या खोलीत गेली. दार उघडं ठेवून आत बसली. सगळी चाळ बघत होती.

“शालन, घरात ये,” आप्पा ओरडले.

“येते दादा. ह्याचा शर्ट शिवून होऊ दे.”

पालवांनी त्याच आठवड्यात खोली सोडली. डिसेंबरात आत्याने वांद्र्याच्या रजिस्टर ऑफिसात त्यांच्याशी लग्न केलं. आमच्यापैकी आई तेवढी गेली, आप्पांना न सांगता. दोघं भांडुपला राहायला गेले, मुद्दाम लोकलच्या दुसऱ्या लाइनीवर. काही वर्षांनी काकांनी सिनेमाचं काम सोडलं आणि तिथल्याच एका कारखान्यात स्टोअर सांभाळायला लागले. आप्पा पुढे निवळले, जाणंयेणं सुरू झालं. काका माझ्या लग्नात पंगतीला वाढत होते. त्या बुधवारबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नाही. मी तर नाहीच.

काका जाऊन आता तीन वर्षं झाली. परवा तो फोटो बघितला आणि दुसऱ्या दिवशी मी भांडुपला गेले. आत्या शेंगदाणे निवडत बसली होती. डोळे अधू झालेत, पण हात चपळ आहे. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. गळ्याची शपथ, तांब्या, खिडकी, ‘नाही’. चाळीस वर्षं मनात बाळगलेली गोष्ट दोन मिनिटांत संपली.

आत्याने मान वर केली नाही. “त्याला माहीत होतं,” ती म्हणाली. “त्याच रात्री बोलला मला, पोरगी घाबरलीय, तिला ठाऊक आहे. तू तिला विचारू नकोस म्हणाला.”

मला रडू आलं. तिने मला रडू दिलं. मग सूप बाजूला सरकवून म्हणाली, “तुझं एक ‘नाही’ होतं. माझं ऐकशील? मीसुद्धा घाबरायची. लग्न झाल्यावर. सगळ्यांसमोर मोठ्या तोऱ्यात त्याच्या खोलीत जाऊन बसले ना, पण ते हसू माझ्या कानातून गेलंच नव्हतं. घरात काही मजेचं झालं, तो हसायला लागला की मी हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघत राहायची. हा तोच हसतोय का? किती दिवस? वर्षं म्हण. त्याच्या लक्षात आलं असणार. त्याने घरात मोठ्याने हसणंच सोडलं. आजूबाजूचे म्हणायचे, पालव फार गंभीर माणूस.”

“तू कधी विचारलं नाहीस?”

“काय विचारणार? तुझ्या आत काय आहे म्हणून? तो जायच्या आदल्या वर्षी दुपारी टीव्हीवर तो सिनेमा लागला. मी रिमोट शोधायला लागले तर म्हणाला, राहू दे. बघितला आम्ही. तो क्लोज-अप आला, ते हसू आलं. आणि हा मला काय म्हणतो, शालन, तो आवाज माझा नाय गो.”



“सेटवर ह्याला नुसतं तोंड उघडायला सांगितलं होतं. डबिंगला कुणी दुसराच माणूस बोलावला. ह्याला पत्ताच नव्हता. सुर्व्यांच्या खोलीत सगळ्यांबरोबर बसून त्याने ते हसू पहिल्यांदा ऐकलं.”

संकलकांची नावं पाठ असलेली मी. पडद्यावरच्या गुंडाच्या तोंडी आवाज दुसऱ्याचा असू शकतो, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

“मग तेव्हाच का नाही सांगितलं त्यांनी?” मी म्हणाले. “चाळीत, आप्पांना, तुला तरी?”

आत्याने सूप पुन्हा मांडीवर ओढलं. दाण्यांतला एक खवट दाणा शोधून काढला, बाजूला ठेवला.

“मीही तेच विचारलं,” ती म्हणाली. “तर लाजला गं. म्हणाला, उभ्या जन्मात एक क्लोज-अप मिळाला होता. पेढे वाटून बसलो होतो. त्यातला आवाज आपला नाही, हे कुठल्या तोंडाने सांगणार होतो?”